मिरर शाबूत, मशीन बंद: लिनक्स रेडच्या बूटचे प्रश्न

यावेळी रेडचीच पत्रं जास्त आलीत. पावसाळ्यात वीज ये-जा करते, डिस्का दगावतात, आणि मग लक्षात येतं की सॉफ्टवेअर रेड (एक डिस्क गेली तरी डेटा टिकावा म्हणून डिस्का एकत्र जोडायची पद्धत) लावलेल्या मशीनने डेटा सांभाळला पण मशीन स्वतः काही उठत नाही. खालच्या सगळ्या प्रश्नांत एमडीअ‍ॅडमवालं लिनक्सचं रेड आहे, कार्डवालं नाही. कमांड आणि एरर देवनागरीत छापल्यात, टाइप करताना नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगनेच करा.

प्रश्न: नमस्कार सर, नौपाड्यात आमचं सीएचं ऑफिस आहे. फाइल सर्व्हर म्हणून डेबियनचं मशीन, २ टीबीच्या दोन डिस्का, रेड १ (दोन्हीवर तोच डेटा, म्हणजे मिरर). पहिली डिस्क कटकट आवाज करत मेली. हार्डवेअरवाल्याने ती काढली तर मशीन सुरूच होईना, काळ्या स्क्रीनवर "नो बूटेबल डिव्हाइस". तो म्हणतो दुसरी डिस्क एकदम ओके आहे. मग मिररचा उपयोग काय झाला? ३० सप्टेंबर डोक्यावर आहे. — एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर: आधी जिवाला शांत करा, तुमच्या फायली बहुतेक जशाच्या तशा आहेत. आणि हार्डवेअरवाला खोटं बोलत नाहीये.

मशीन चालू केल्यावर काय होतं बघा. पहिल्यांदा मदरबोर्डचं फर्मवेअर जागं होतं, ते बूटलोडर शोधतं, बूटलोडर म्हणजे ग्रब, तो कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि इनिटरॅमएफएस (बूटपुरती छोटी फाइलसिस्टिम) मेमरीत चढवतो, आणि त्या इनिटरॅमएफएसमधला एमडीअ‍ॅडम दोन्ही डिस्का जोडून अ‍ॅरे उभा करतो (अ‍ॅरे म्हणजे जोडलेल्या डिस्कांचा संच). म्हणजे तुमचं रेड जन्माला येतं ते इतक्या उशिरा. त्याच्या आधीच्या फर्मवेअरला रेड-बिड काही माहीत नसतं, त्याला दोन सुट्या डिस्का दिसतात. मिरर होतात ती फक्त अ‍ॅरेमधली पार्टिशनं, आणि बूटलोडरचा पहिला तुकडा अ‍ॅरेच्या बाहेर बसतो. जुन्या बायोस पद्धतीत डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटचा सेक्टर असतो, त्यातले पहिले ४४६ बाइट बूटच्या कोडला, आणि ग्रबचा पुढचा भाग त्याच्या मागच्या मोकळ्या जागेत नाहीतर जीपीटी (नवीन पद्धतीचं पार्टिशन टेबल) असेल तर १ एमबीच्या बायोस बूट पार्टिशनमधे. यूईएफआय (बायोसच्या जागी आलेलं नवीन फर्मवेअर) असेल तर बूटलोडर ईएसपी नावाच्या फॅट पार्टिशनमधे. इन्स्टॉल करताना ग्रब कुठल्या डिस्कवर टाकू असं विचारतात तिथे सगळे पहिली डिस्क निवडून एंटर मारतात आणि मोकळे होतात, त्यामुळे दुसऱ्या डिस्कवर तुमचा डेटा आहे पण दार उघडणारा कोणी नाही.

आता करायचं काय. डेबियनच्या इन्स्टॉलरचा पेनड्राइव्ह बनवा आणि त्यातून रेस्क्यू मोडमधे जा. नवीन इन्स्टॉल अजिबात करायचं नाहीये, हे मशीनपुढे बसणाऱ्या पोराला दोनदा सांगा. तो रूट पार्टिशन विचारेल तेव्हा रेड अ‍ॅरे असेम्बल करायचा पर्याय असतो तो घ्या, मग अ‍ॅरेमधलं रूट निवडा, आणि पुढच्या मेनूत ग्रब परत बसवायचा पर्याय येतो. बायोसवालं मशीन असेल तर एवढ्यात काम होतं. यूईएफआयवालं असेल तर दोन गोष्टी बघाव्या लागतात, एक म्हणजे पेनड्राइव्ह यूईएफआय मोडमधेच बूट झाला पाहिजे, /सिस/फर्मवेअर/ईएफआय हे फोल्डर दिसलं तर झालाय असं समजा. दुसरं, उरलेल्या डिस्कवर ईएसपी आहे का मुळात? बऱ्याच ठिकाणी नसतोच. तेव्हा स्वॅपचं (रॅम कमी पडल्यावर वापरायचं) पार्टिशन मोडून त्या जागी ईएसपी करता येतो, मात्र स्वॅप पण अ‍ॅरेमधे असेल तर आधी तो अ‍ॅरे थांबवायला लागेल, आणि नंतर एफएसटॅबमधली (बूटच्या वेळी काय काय माउंट करायचं त्याची फाइल) स्वॅपची आणि जुन्या ईएसपीची ओळ बदलायची. ग्रब-इन्स्टॉलला --रिमूव्हेबल हा ऑप्शन द्या म्हणजे तो ईएसपीमधल्या ईएफआय/बूट फोल्डरमधे ठरलेल्या नावाने फाइल ठेवतो, आणि फर्मवेअरच्या यादीत नोंद नसली तरी बहुतेक बोर्ड ती फाइल शोधून घेतात.

मशीन उठलं की लगेच कॅट /प्रॉक/एमडीस्टॅट करा. चौकोनी कंसात यू आणि आडवी रेघ दिसेल, म्हणजे एक डिस्क हजर एक गैरहजर. पहिल्यांदा बॅकअप घ्या, उरलेल्या डिस्कचं वयही तेवढंच आहे, बहुतेक एकाच खोक्यातून आली असेल. मग नवीन डिस्क लावा, आणि इथे नावांवर विश्वास ठेवू नका, पहिली डिस्क काढल्यावर कालची एसडीबी आज एसडीए झालेली असते. एलएसबीएलके -ओ नेम,सीरियल करून डिस्कच्या स्टिकरवरचा नंबर जुळवा. पार्टिशन टेबल कॉपी करायला एसजीडिस्क -आर (कॅपिटल आर) वापरतात, त्यात -आर च्या लगेच पुढे जी डिस्क लिहाल ती पुसली जाते आणि शेवटी लिहाल तिच्यावरून कॉपी होते. हे उलटं झालं की तुम्ही आतापर्यंत वाचवलेलं सगळं गेलं. कॉपी झाली की एसजीडिस्क -जी (कॅपिटल जी) करून नवीन डिस्कचे आयडी बदला, एमडीअ‍ॅडम --अ‍ॅड ने पार्टिशनं अ‍ॅरेत घाला, आणि मग डीपीकेजी-रीकॉन्फिगर ग्रब-पीसी करून दोन्ही डिस्कांवर टिक करा. इथे टिक केलेली लक्षात ठेवली जाते, पुढे ग्रबचं अपडेट आलं की ते दोन्हीकडे बसतं. नुसतं हाताने ग्रब-इन्स्टॉल केलं तर आज चालेल पण अपडेटच्या वेळी एकच डिस्क अपडेट होईल. हे झालं बायोसवाल्यांचं, यूईएफआयवाल्यांनी खाली खारघरचा प्रश्न वाचा. २ टीबी भरायला मशीन रिकामं असेल तर चारेक तास धरा, ऑफिस चालू असताना केलं तर जास्त.

प्रश्न: तुर्भ्यात आमचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे, एलआरचं (लॉरी रिसीट, मालाची पावती) सॉफ्टवेअर लिनक्सवर चालतं. डिस्का छोट्या पडल्या म्हणून एका मुलाने दोन मोठ्या डिस्का आणून नवीन अ‍ॅरे बनवला आणि जुन्यातला सगळा डेटा आरसिंकने नवीन अ‍ॅरेमधे कॉपी केला, जुन्या डिस्का काढल्या. आता "एरर: डिस्क एमडीयूयूआयडी" मग लांबलचक नंबर, "नॉट फाउंड", आणि खाली "ग्रब रेस्क्यू>". तो मुलगा फोन उचलत नाही. — एक वाचक, तुर्भे

उत्तर: फोन उचलत नाही कारण त्यालाही हेच दिसलं असणार. तरी अर्धं काम त्याने बरोबर केलंय, ही एरर येतेय म्हणजे नवीन डिस्कवर ग्रब निदान बसलाय.

प्रत्येक अ‍ॅरेला त्याचा एक यूयूआयडी, म्हणजे ओळख-नंबर असतो. ग्रब-इन्स्टॉल करताना ग्रबच्या त्या छोट्या तुकड्यात "माझ्या बाकीच्या फायली अमुक यूयूआयडीच्या अ‍ॅरेत आहेत" असं लिहिलं जातं. तुमच्याकडे ग्रब बसवला तेव्हा जुना अ‍ॅरे चालू होता, म्हणून त्यात जुना नंबर गेला, आणि तो अ‍ॅरे आता कपाटात आहे.

रेस्क्यूच्या त्या प्रॉम्प्टला फार काही येत नाही, एलएस, सेट, अनसेट आणि इन्समॉड एवढंच. एलएस करा, कंसात एचडी० वगैरेच्या बरोबर एमडी असलेलं एखादं नाव दिसलं तर तोच तुमचा नवीन अ‍ॅरे. ते नाव जसंच्या तसं वापरून सेट रूट= करा, सेट प्रीफिक्स= मधे तेच नाव आणि पुढे /बूट/ग्रब लिहा, बूटचं वेगळं पार्टिशन असेल तर नुसतं /ग्रब. मग इन्समॉड नॉर्मल, मग नॉर्मल. मेनू आला तर टाळ्या वाजवायची घाई नको, कारण आरसिंकने ग्रबची कॉन्फिग फाइल पण जुनीच आलीय, त्यात फाइलसिस्टिमचा जुना यूयूआयडी आहे. मेनूवर ई दाबून लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीत रूट= च्या पुढे नवीन अ‍ॅरेमधल्या फाइलसिस्टिमचा यूयूआयडी घालायचा, आणि वर सर्चची ओळ असेल तिथेही. तो नंबर माहीत नसेल तर हा खटाटोप सोडा आणि सरळ लाइव्ह पेनड्राइव्ह घ्या, ट्रक लोड होऊन उभे असतील तर तेच लवकर होईल.

लाइव्हमधून एमडीअ‍ॅडम --असेम्बल --स्कॅन, अ‍ॅरे /एमएनटी वर माउंट, बूट किंवा ईएसपी वेगळं असेल तर तेही आत, मग देव, प्रॉक, सिस आणि रन बाइंड करून सीएचरूट, म्हणजे तुमच्या सिस्टिमच्या आत शिरायचं. आत गेल्यावर जुना नंबर पाच ठिकाणी लपलेला असतो: एफएसटॅब, एमडीअ‍ॅडमची कॉन्फिग, इनिटरॅमएफएस, ग्रबची कॉन्फिग आणि ग्रबचा तो छोटा तुकडा. एफएसटॅब आणि एमडीअ‍ॅडमची कॉन्फिग फाइल या दोन तुम्ही हाताने सुधारायच्या, बीएलकेआयडी ने नवीन नंबर बघून, आणि एमडीअ‍ॅडम --डिटेल --स्कॅन जी ओळ देतो ती कॉन्फिगमधे जुन्या ओळीच्या जागी टाकून. मग अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल, अपडेट-ग्रब, आणि दोन्ही डिस्कांवर ग्रब-इन्स्टॉल. हा क्रम उलटा करू नका, इनिटरॅमएफएस बनतं तेव्हा त्या कॉन्फिगची कॉपी आत जाते, मग नंतर फाइल सुधारून काही उपयोग नाही. आणि कपाटातल्या त्या जुन्या डिस्का महिनाभर तरी कोणाला देऊ नका.

प्रश्न: दादा, मी ऐरोलीला राहतो, इंजिनिअरिंगला आहे. घरी तीन डिस्कांचं रेड ५ केलंय, उबुंटू. काल लाइट गेली आणि आल्यावर "अलर्ट! यूयूआयडी डज नॉट एक्झिस्ट, ड्रॉपिंग टू अ शेल" असं येऊन इनिटरॅमएफएसच्या प्रॉम्प्टला थांबतं. एमडीस्टॅटमधे माझा एमडी० गायब आणि एमडी१२७ इनॅक्टिव्ह, दोनच डिस्का दिसतात आणि पुढे कंसात एस. स्पेअर झाल्या का त्या? — एक विद्यार्थी, ऐरोली

उत्तर: नाही रे, स्पेअर झालेल्या नाहीत. अ‍ॅरे अजून चालूच झालेला नाही म्हणून एस दिसतंय. डिस्का जशा सापडतात तशा एकेक करून अ‍ॅरेत बसवल्या जातात आणि सगळ्या येईपर्यंत तो वाट बघतो, तुझी तिसरी आलीच नाही म्हणून तो ताटकळत बसलाय. आणि १२७ हा नंबर कुठून आला? कॉन्फिगमधे ज्याचं नाव नाही असा अ‍ॅरे सापडला की त्याला वरून खाली असे नंबर मिळतात, १२७ पासून. म्हणजे तुझ्या इनिटरॅमएफएसमधल्या कॉन्फिगमधे या अ‍ॅरेची ओळ नाही. डेटाचा त्याच्याशी काही संबंध नाही. एफएसटॅबमधे /देव/एमडी० असं लिहिलेलं असेल तर मात्र त्रास देईल, म्हणून तिथे नेहमी यूयूआयडी.

आधी मशीन बंद करून तिसऱ्या डिस्कची साटा केबल आणि पॉवर दोन्ही काढून परत घट्ट लाव, ही फुकटची ट्रीटमेंट बऱ्याचदा पुरते. तरी नाही आली तर प्रॉम्प्टवर एमडीअ‍ॅडम --स्टॉप /देव/एमडी१२७, मग एमडीअ‍ॅडम --असेम्बल --स्कॅन --रन. अ‍ॅरे चालू झाला तर एक्झिट टाइप कर, बूट पुढे जाईल.

पण रेड ५ आणि गेलेली लाइट ही जोडी वाईट आहे, म्हणून इथे जरा थांबतो. लिहिता लिहिता वीज गेली की अ‍ॅरे "डर्टी" राहतो, म्हणजे काही ठिकाणी डेटा आणि पॅरिटी (गेलेल्या डिस्कचा डेटा परत काढता यावा म्हणून ठेवलेली जादा माहिती) जुळत नसेल अशी शंका. तिन्ही डिस्का असत्या तर त्याने पॅरिटी परत काढली असती. एक डिस्क नसताना तो पॅरिटीवरूनच डेटा काढणार, आणि तीच संशयास्पद. म्हणून कर्नल साफ नकार देतो, डीमेसगमधे (कर्नलच्या नोंदी दाखवणारी कमांड) "कॅनॉट स्टार्ट डर्टी डिग्रेडेड अ‍ॅरे" अशी ओळ दिसेल. --फोर्स लावला तर सुरू होतो, पण एखाददुसरी फाइल गुपचूप बिघडलेली निघू शकते. त्याआधी प्रत्येक डिस्कच्या पार्टिशनवर एमडीअ‍ॅडम --एक्झामिन कर आणि इव्हेंट्स हा आकडा (अ‍ॅरेतल्या बदलांची मोजणी) बघ. दोघींचा सारखा किंवा थोडासाच मागेपुढे असेल तर फोर्सला हरकत नाही, खूप फरक असेल तर हात आखडता घे आणि डीडीरेस्क्यूने डिस्कांच्या कॉप्या काढून त्यांच्यावर प्रयोग कर. काहीही झालं तरी --क्रिएट, म्हणजे नव्याने अ‍ॅरे बनवणं, नको. नेटवर कुणीतरी "मी क्रिएट केलं आणि सगळं परत आलं" लिहिलेलं सापडेलच तुला, त्याचा क्रम, चंक साइज आणि डेटा ऑफसेट योगायोगाने जुळला होता.

सगळं वर आलं की कॉन्फिगमधे अ‍ॅरेची ओळ टाकून अपडेट-इनिटरॅमएफएस. आणि बाबांना सांगून एक छोटा यूपीएस घे, तीन डिस्का घेतल्यात तर तेवढा खर्च होऊ दे.

प्रश्न: ईएसपीच रेड १ मधे घातला तर चालतो का? नेटवर अर्धे हो म्हणतात अर्धे नाही. — एक वाचक, खारघर

उत्तर: चालतो, पण मी करत नाही. एमडीअ‍ॅडमची माहिती डिस्कवर कुठे लिहिली जाते ते मेटाडेटाच्या व्हर्जनवर ठरतं. नेहमीचं १.२ हे पार्टिशनच्या सुरुवातीपासून ४ केबीवर बसतं आणि खरा डेटा त्याच्याही पुढून सुरू होतो, त्यामुळे फर्मवेअरला तिथे फॅट दिसतच नाही. १.० आणि जुनं ०.९० हे शेवटी बसतात, म्हणून १.० वापरलं तर फर्मवेअरला ते साधं फॅट पार्टिशन वाटतं आणि बूट होतं. अडचण अशी की फर्मवेअरने किंवा त्याच्या अपडेटरने त्यातल्या एका डिस्कवर काही लिहिलं तर एमडीला पत्ता नाही, दोन कॉप्या वेगळ्या आणि एमडीस्टॅट मात्र दोन यू दाखवत खुशाल. त्यापेक्षा दोन डिस्कांवर दोन सुटे ईएसपी ठेवा. उबुंटू २०.०४ पासून ग्रबचं पॅकेज एकापेक्षा जास्त ईएसपीवर बसवायचं स्वतःच विचारतं, डेबियनवर दुसऱ्यावर कॉपी करायची आणि ईएफआयबूटएमजीआरने दुसऱ्या डिस्कची नोंद करायची. आणि एफएसटॅबमधे ईएसपीच्या ओळीला नोफेल हा शब्द जोडाच. नाहीतर बूट सुखरूप होतं, अ‍ॅरे एका डिस्कवर छान उभा राहतो, आणि मग सिस्टिमडी मेलेल्या डिस्कवरच्या त्या ईएसपीची दीड मिनिट वाट बघून तुम्हाला इमर्जन्सी मोडमधे सोडतो.

प्रश्न: वाशीला मसाला मार्केटमधे गाळा आहे आमचा. बिलिंगच्या लिनक्सवर अपडेट केलं, नवीन कर्नल आला असं म्हणतं, पण रीस्टार्ट करून यूनेम -आर केलं की जुनाच नंबर. एरर कुठेच नाही. — एक व्यापारी, वाशी

उत्तर: तुम्ही पत्रात मशीन रेड १ वर आहे असं लिहिलंय पण एमडीस्टॅट काय म्हणतो ते लिहिलेलं नाही, माझी शंका तिथेच आहे. एक डिस्क कधीतरी अ‍ॅरेतून बाहेर पडली असणार, मिरचीची धूळ, गरम डबा, ढिली केबल, काहीही. तेव्हापासून सगळं एकाच डिस्कवर लिहिलं जातंय, आणि बायोस मात्र बाहेर पडलेल्या डिस्कवरून बूट करतोय. तिच्यावर ग्रब आहे, त्या दिवसापर्यंतचे कर्नल आहेत, आणि दोघींतली ताजी कोण ते ग्रब पारखत बसत नाही. कर्नल चढल्यावर एमडी मात्र इव्हेंट्सचा आकडा बघून ती डिस्क बाहेर ठेवतो, डीमेसगमधे "किकिंग नॉन-फ्रेश" असं सापडेल. म्हणजे कर्नल शिळ्या डिस्कचा आणि डेटा ताज्या डिस्कचा, आणि बिलं बरोबर निघतायत म्हणून कुणाला पत्ता नाही. स्मार्टसीटीएलने त्या डिस्कची तब्येत बघा, बरी असेल तर --अ‍ॅड करून परत घ्या, नसेल तर बदला, आणि तोवर बायोसमधे दुसरी डिस्क पहिली करा. कॉन्फिगमधे मेलअ‍ॅडर च्या पुढे तुमचा ईमेल टाका आणि एमडीअ‍ॅडम --मॉनिटर --स्कॅन --वनशॉट --टेस्ट चालवून मेल खरंच येतो का ते बघा. मशीनवर मेल पाठवायची सोय नसते आणि इशारे रूटच्या मेलबॉक्समधे साचत राहतात, हे फार ठिकाणी असतं.

प्रश्न: आमचं मशीन सध्या नीट चालू आहे. एक डिस्क गेली तर ते उठेल की नाही हे आधीच कसं बघायचं? — एक वाचक, वागळे इस्टेट, ठाणे

उत्तर: असं पत्र क्वचित येतं. बॅकअप घ्या, एमडीस्टॅटमधे दोन यू आहेत बघा, मशीन बंद करा, पहिल्या डिस्कची केबल काढा आणि चालू करा. चालू मशीनमधे केबल ओढू नका. लॉगिनपर्यंत गेलं की बंद करून केबल परत लावा, चालू करून --री-अ‍ॅड करा. अ‍ॅरेवर बिटमॅप (कुठे कुठे बदल झाला त्याची नोंद) असेल तर मधे जेवढं बदललं तेवढंच भरलं जातं, थोड्या वेळात होतं, नसेल तर --अ‍ॅड करावं लागतं आणि पूर्ण डिस्क भरते. त्याच अर्ध्या तासात दुसऱ्या डिस्कची परीक्षा उरकायचा मोह होतो, तो आवरा. पहिली अ‍ॅरेत परत घ्यायच्या आत दुसरी काढून बूट केलंत की दोन डिस्कांचे दोन वेगळे इतिहास होतात आणि त्यातला कुठला खरा ते एमडीअ‍ॅडमला ठरवता येत नाही. दोन यू परत दिसले की मगच दुसरीची केबल. शनिवारी संध्याकाळी, बाकीचे घरी गेल्यावर करा, आणि आधी दोन्ही डिस्कांवर मार्करने एक-दोन लिहून ठेवा.